तात्पुरते दात

सकाळी दुकानात आलो, पहिली खुर्ची टेबलावर उलटी घातली, डब्यात हात घातला आणि चिमूटभर बारीक खिळे नेहमीसारखे तोंडात टाकले. टाकल्यावर आठवलं. तोवर जिभेने आपलं काम सुरू केलं होतं. उभ्या जन्माची सवय. खिळ्यांची डोकी बाहेर, टोकं आत, असे लावत लावत ती पुढे सरकली आणि त्यातला एक खिळा वरच्या हिरडीत, टाक्यांच्या मधोमध शिरला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी तोंडातलं सगळं थुंकून टाकलं. लाल थुंकीत खिळे फरशीवर पसरले. समोर धाकटा फोम कापत होता, त्याने सुरी खाली ठेवली. धाकटा म्हणजे माझा भाऊ. दुकान आम्हा दोघांचं, जुन्या सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवे पट्टे, नवी गादी, नवं अस्तर घालायचं. "दादा, अरे काय केलंस हे? डॉक्टरबाईंनी काय सांगितलं होतं?" असं तो म्हणाला आणि माझ्या हातातली हातोडी सुटली. सुटली कसली, मी फेकली. त्याच्या डोक्यावर फेकली. ती त्याच्या कानाजवळून गेली आणि मागच्या भिंतीचा टवका उडवून खाली पडली. धाकट्याने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वाकून हातोडी उचलली आणि खिळ्यावर तिच्या जागी टांगली. मग कोपऱ्यातला झाडू घेऊन माझी थुंकी आणि माझे खिळे गोळा करायला लागला. मला वाटलं, आता तो वाकलाच आहे, तर टेबलावरची खुर्ची त्याच्या पाठीत घालावी.

आमच्या दुकानात काम करताना कुणी बोलत नाही. ही वडिलांच्या वेळची रीत. तोंडात खिळे असताना बोललं तर खिळा पोटात जातो. म्हणून ज्याच्या तोंडात खिळे त्याने ऐकायचं, आणि ज्याचं तोंड मोकळं त्याने बोलायचं. वडील फार धूर्त. घरातल्या सगळ्या वाईट बातम्या ते समोरच्याचं तोंड भरलेलं असताना द्यायचे. माझी शाळा बंद झाल्याची बातमी मला अशीच मिळाली. आई परत यायची नाही, हे आम्हा दोघांना एकदमच कळलं, दोघांच्याही तोंडात खिळे, दोघेही एकाच सोफ्याला वाकलेलो. तोंड रिकामं होईपर्यंत सोफा पुरा होत आला होता, आणि मग रडायचं कारण आहे की नाही हेही नीट आठवेना. माणूस एकदा खिळे ठोकायला लागला की त्याचा राग हातोडीत उतरतो, असं वडील म्हणायचे. खोटं आहे ते. राग कुठेही उतरत नाही, तो हिरडीत जाऊन बसतो.

माझे दात गेले त्या दिवशी धाकट्याने वडिलांचीच रीत पाळली. लांब सोफा होता, तीन माणसं बसतील असा. बैठकीखाली रुंद पट्टे ताणून घालायचे होते. ते काम असं की पट्ट्याचं एक टोक मी एका बाजूला ठोकून टाकायचं, मग धाकट्याने दुसरं टोक रुंद तोंडाच्या पकडीत धरायचं, पक्कड उघडू नये म्हणून तिच्या दांड्यांवर लोखंडी कडं सरकवायचं, सांगाड्याला पाय लावायचा आणि अंगाचा सगळा भार मागे टाकून पट्टा ओढायचा. तो ओढून धरतो, मी वाकून लाकडावर खिळे मारतो. माझं तोंड त्याच्या पकडीपासून वीतभर लांब. इतकी वर्षं हे काम आम्ही एकमेकांकडे न बघता केलं. त्या दिवशी माझं तोंड खिळ्यांनी भरलेलं होतं, आणि पट्टा ताणून धरलेला धाकटा म्हणाला, "दादा, मी जातोय. गाद्यांच्या कारखान्यात मशीनवर घेतायत. शहराच्या त्या टोकाला आहे. राहायला खोली देणार आहेत." मी मान वर केली. त्याचं तोंड दिसलं. तोंडावर भीती होती की सुटल्याचा आनंद, ते कळायच्या आत पक्कड माझ्या तोंडावर आली.

आवाज असा काही झाला नाही. तोंडाच्या आत झाला असेल तर तो मला बाहेरून ऐकू आला नाही. वरचे समोरचे दोन दात मुळापासून गेले आणि खिळे ओठांतून आरपार गेले. बायको वरून धावत आली तेव्हा मी फरशीवर बसून ओठांतला एकेक खिळा काढून डब्यात ठेवत होतो, असं ती सांगते. मला ते आठवत नाही. मला एवढंच आठवतं की फरशीवर पक्कड पडली होती आणि तिच्या तोंडात अजून पट्टा होता. कडं जागच्या जागी. पुढे किती रात्री मी उताणा पडून हीच एक गोष्ट घोळवत राहिलो. पट्टा पकडीतून निसटला असता, तर नुसता पट्टा आला असता. थोबाडीत बसली असती, ओठ फुटला असता, बस. माझ्या तोंडावर पट्ट्यासकट पक्कड आली. म्हणजे पकडीने पट्टा सोडला नव्हता. हाताने पक्कड सोडली होती.

"घामाचा हात होता," धाकटा म्हणाला. "आणि दादा, तू सांगाड्याला गुडघा मारलास." बायकोने दोघांचं ऐकून घेतलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं की ते जिन्यावरून पडले. मी तिच्यावर ओरडलो तर म्हणाली, "मग काय सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ." ओरडलो म्हणजे काय, तोंडातून शिट्टीसारखी हवा गेली. तिला हसू आलं आणि ते दाबण्यासाठी ती पदराचा बोळा तोंडात कोंबून स्वयंपाकघरात गेली. मला तिचाही गळा धरावासा वाटला. आजवर तिच्यावर मी हात उचललेला नाही. पण त्या दिवसांत माझ्या मनात कुणाकुणाचे काय काय हाल झाले, ते कुणाला कळलं असतं तर मला बांधून ठेवलं असतं. बसथांब्यावर एक तरुण पेरू खात होता, कचाकच. त्या आख्ख्या पेरूसकट त्याचं तोंड थांब्याच्या खांबावर आपटावं असं मला वाटलं, आणि आपटल्यावर काय काय खाली पडेल ते मी बस येईपर्यंत मोजत उभा राहिलो. जाहिरातीच्या फलकावरची बत्तिशी दाखवणारी बाई मी रोज येता-जाता हातोडीने फोडली. एक जुने गिऱ्हाईक, निवृत्त मास्तर, दुकानात येऊन प्रेमाने म्हणाले, "काय, बसतायत का नवे दात?" त्यांच्या गालातून गादी शिवायची वाकडी सुई आत घालून दुसऱ्या गालातून काढावी, वर गाठ मारावी, असं माझ्या डोळ्यांसमोर इतकं स्वच्छ दिसलं की मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि पाणी विचारलं.

डॉक्टरबाई लहानशा चणीच्या होत्या, हात मात्र कारागिराचे. त्यांनी हिरडी बधिर केली, तोंडावर हिरवं फडकं टाकलं आणि जबड्याच्या हाडात भोक पाडायला सुरुवात केली. दुखलं अजिबात नाही. त्यामुळेच ते भयंकर होतं. दुखलं असतं तर मी ओरडलो असतो, माझं काहीतरी चाललंय असं वाटलं असतं. इथे माझ्या सांगाड्यात दुसरंच कुणी काम करत होतं आणि मी सोफा होतो. ड्रिल कवटीत घुमत होतं, डोक्याच्या मागपर्यंत. मग त्यांनी स्क्रू पिळायला घेतला. छोट्या पान्याने कट कट करत, हाडात, एकेक आटा. प्रत्येक आट्याबरोबर माझं डोकं खुर्चीसकट वळतंय असं वाटे. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. त्या हातांवरचं रेक्झिन सैल होतं, कुणीतरी घाईत ठोकलं होतं, आणि मी बोटांनी त्याच्या सुरकुत्या मोजत राहिलो. शेवटी बाई म्हणाल्या, "छान. घट्ट बसलेत. पण हे घट्ट म्हणजे आमचं घट्ट. आता तुमचं हाड हळूहळू त्यांना धरून घेईल. त्याला काही महिने लागतात. तोवर त्यांना हलवायचं नाही. वर बसवलेत ते दात तात्पुरते. हसा, बोला, पण पुढच्या दातांनी काहीही चावायचं नाही, काहीही तोडायचं नाही." घरी आल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे हत्तीसारखे. दाखवायचे वेगळे, खायचे वेगळे." धाकटा हसला. त्याचे सगळे दात दिसले. ते मी एकेक करून पाहून घेतले.

सूज आली. चेहरा एका बाजूने दुसऱ्याच माणसाचा झाला. बर्फाची पिशवी गालावर, मिठाचं पाणी तोंडात, सूप, कुस्करलेला बटाटा, दुधात भिजवलेला पाव. पहिले काही दिवस ओठ कुठे संपतो आणि पेला कुठे सुरू होतो ते समजत नव्हतं. सूप हनुवटीवरून गळ्यात जायचं. बायको कामात असली की धाकटा भरवायचा. चमचा ओठांशी आणायचा आणि स्वतःचं तोंड उघडायचा, लहान मुलाला भरवताना माणसं उघडतात तसं. त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत मी गिळायचो. कारखान्याचं नावही त्याने काढलं नव्हतं. लग्न त्याने केलेलं नाही, मागच्या खोलीत राहतो, वडील गेल्यापासून त्याचा दिवस माझ्याबरोबरच उगवतो आणि माझ्याबरोबरच मावळतो. तो जायचा थांबला तो माझ्या तोंडामुळे, हे मला समजत होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला ठेचावा असं जितकं मला वाटत होतं, तितकंच त्याने कुठेही जाऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी, एकाच जागी, वरच्या हिरडीत. सकाळी आरशापुढे ओठ वर करून मी टाके बघायचो. लाल कमी झालेलं दिसलं की ओठ पटकन खाली सोडायचो. बरं वाटायला हवं होतं, ते वाटत नव्हतं.

तर त्या सकाळी खिळा हिरडीत गेला म्हणून धाकटा मला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेला. बाई चिडल्या. खिळे तोंडात कोण घालतं, असं त्या दोनदा म्हणाल्या. जखम धुतली, दाताला बोट लावून हळूच हलवून पाहिलं. ते बोट दातावर असेपर्यंत मी श्वास घेतला नाही. "नशीबवान आहात," बाई म्हणाल्या. "धरून आहे. फोटोतही ठीक दिसतंय. टाके आठवड्याने काढू. आता काळजीचं काही नाही, फक्त पुन्हा हा वेडेपणा नको." धाकट्याने सुटकेचा श्वास टाकला. मोठा. मला तो ऐकू आला आणि त्याचा अर्थही कळला. पायऱ्या उतरून आम्ही फुटपाथवर आलो तेव्हा माझ्या तोंडात कापसाचा बोळा होता, दाबून धरायला सांगितलेला. धाकटा पुढे बघत म्हणाला, "दादा, सोमवारी मी रुजू होतो. ते किती दिवस थांबतील? तुझं आता ठीक आहे."

मी बोळा थुंकला. त्याची कॉलर धरली आणि त्याला एका बंद दुकानाच्या शटरवर आपटला. शटर केवढ्याने वाजलं. माणसं थांबली. "पक्कड का सोडलीस?" मी विचारलं. तोंडातून रक्त आणि थुंकी उडत होती, त्याच्या शर्टावर, त्याच्या गालावर.

"किती वेळा सांगू? घामाचा हात होता."

"कडं लावलेलं होतं. पट्टा पकडीतच होता. हातातून गेली ती. मुद्दाम केलंस."

"दादा, लोक बघतायत."

"बघू देत. मुद्दाम केलंस की नाही?"

त्याने माझे हात धरले नाहीत. मला ढकललं नाही. अंगाने तो माझ्या दीडपट आहे, एका हाताने मला बाजूला केलं असतं त्याने. "मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "मी जातोय असं तुला सांगितलं, तू वर बघितलंस, आणि हात मोकळा होता. मधलं मला नाही आठवत. आईशपथ, नाही आठवत. मीही रोज तेच आठवत बसतो." मी त्याला पुन्हा आपटला. हो म्हणाला असता तरी चाललं असतं, नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. ठाऊक नाही म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं? एका पोक्त बाईंनी मध्ये येऊन विचारलं, "कोण आहे हा? पोलिसांना बोलावू का?" धाकटा त्यांना म्हणाला, "नको, बाई. मोठा भाऊ आहे. औषधाने गरगरतंय त्याला." मग त्याने माझ्या खांद्याला धरून मला घरी आणलं. वाटेत दोघांच्याही तोंडात खिळे असल्यासारखे आम्ही चाललो.

सोमवारी तो लवकर उठला. मागच्या खोलीत त्याची ट्रंक ओढल्याचा आवाज झाला. मी वरून खाली दुकानात आलो आणि तो लांब सोफा पुढे ओढला. अपघातापासून तो तसाच पडून होता, अर्धे पट्टे घातलेला. एकट्या माणसाला हे काम जमतं का, तर जमतं. एका हातात हातोडी, दुसऱ्यात खिळा, आणि पट्टा ओढायला तिसरा हात नसला तर तोंड आहे. दाखवून द्यायचं होतं त्याला. तुझ्यावाचून माझं काही अडत नाही, जा. मी पट्ट्याचं एक टोक ठोकलं, दुसरं टोक लाकडावरून घेतलं, त्याची घडी करून ती दाढांत धरली आणि मान मागे टाकली. पट्टा सैलच राहिला. दाढा तोंडाच्या कोपऱ्यात, तिथून जोर लागत नाही. मग मी घडी समोर घेतली. समोरच्या दातांत. जाणूनबुजून घेतली, यात घाम नव्हता आणि गुडघाही नव्हता. दोन्ही पाय सांगाड्याला लावले आणि ओढलं.

आधी टाके गेले. ते कळलं, दोरा उसवताना कळतो तसं. मग हाडात खोल काहीतरी कुरकुरलं आणि ती कुरकुर नाकातून डोळ्यांत गेली. पट्टा ताणला गेला होता. छान ताणला गेला होता, वाजवला तर वाजेल असा. हातोडी उचलायची होती, पण हात वर येईना. तोंडात गरम भरत चाललं. दाराशी ट्रंक खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"दादा! सोड! अरे सोड ते!"

मी आणखी ओढलं. धाकटा धावत आला, सांगाड्यावरून पाय टाकून माझ्यासमोर बसला. एका हाताने त्याने पट्टा माझ्या बाजूला ढकलून सैल केला आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं माझ्या ओठांच्या कडेने आत घालून जबडा उघडायला लागला. मी त्याच्या छातीवर लाथ मारली. त्याच्या नाकावर मूठ मारली, नाक फुटलं. तो हलला नाही. बोटांनी जबडा थोडा उघडला, पट्टा सुटला आणि माझ्या हनुवटीला फटकारून गेला. आणि मी तोंड मिटलं. त्याच्या बोटांवर. सगळ्या जोराने, पुढच्या दातांनी, इतक्या दिवसांच्या सगळ्या रागाने मिटलं. कातडं तुटलं, खाली हाड लागलं, त्याचं हाड की माझं ते कळेना. वेदना अशी आली की तिच्यात त्याची आणि माझी वेगळी करता येईना. त्याने तोंड वासलं, पण आवाज काढला नाही. बायको जिन्यावरून धावत आली आणि किंचाळली, "भाऊजी, हात ओढा! ओढा हात! बोटं जातील तुमची!"

"वहिनी, ओढला तर त्याचे स्क्रू निघून येतील," धाकटा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता, नाकातलं रक्त ओठांवर आलं होतं. दुसरा हात त्याने माझ्या डोक्यामागे घातला आणि डोकं स्थिर धरलं, जरासुद्धा हलू नये असं. "दादा, घाई नाही. हलू नकोस. मी इथेच आहे. तुला जमेल तेव्हा सोड."

मला सोडायचं होतं. जबडा माझं ऐकत नव्हता. रक्त त्याच्या मनगटावरून कोपराकडे जात होतं, बायको रडत कुणाला तरी फोन लावत होती, आणि धाकट्याने हात ओढला नाही.